बापपाखरू म्हणजे काय

"पेशंटचे तुम्ही कोण?" असं खिडकीतल्या माणसानं विचारलं आणि प्रकाश म्हणाला, "मुलगा." मी त्याच्या मागे उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मुलगा नाई, भाचा हाय. हा मामा हाय त्याचा."

तू तिथंच होतास, सुखदेवा. माझ्यापासून दोन हातांवर, चाकांच्या खाटेवर. डोळे उघडे होते. तू ऐकलंस. मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि पुन्हा छताकडे पाहायला लागलास. प्रकाशचा हात कागदावर तसाच राहिला. खिडकीतला माणूस म्हणाला, मग काय लिहू? मीच म्हणाले, भाचा लिहा. त्यानं भाचा लिहिलं.

मग तुला आत नेलं. आत एकालाच सोडत होते, प्रकाश गेला. चार वाजायच्या आत तू गेलास. म्हणजे माझ्याकडून तुझ्या कानावर पडलेलं शेवटचं बोलणं ते. सत्तर वर्षं आपण बहीणभाऊ, आणि शेवटी मी काय केलं, तर एका कागदावरची चूक दुरुस्त केली.

भेटायला येणारे म्हणतात, बाई, तुमी खरं तेच बोलल्या. खरंच बोलले. खरं बोलायची मला खोड आहे आणि त्या खोडीनं तुझं काय गेलं ते मला लिहायचं आहे. लेक रत्ना म्हणाली, तू सांग, मी लिहून घेते. मी नको म्हटलं. ती मास्तरीण आहे, ती गोड करून लिहील. माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षर मोठं येतं आणि बोटं दुखतात, पण जे आहे तेच येतं.

ते "मामा हाय" माझ्या जिभेवर इतकं तयार का होतं, ते तुला ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगते. प्रकाशचा बाप विहिरीच्या कामावर दरडीखाली गेला तेव्हा प्रकाश अडीच वर्षांचा होता आणि रत्ना चार महिन्यांची. सासरच्यांनी महिनाभरात मला वाट दाखवली. न्यायला तू आलास. काही विचारलं नाहीस. प्रकाशला खांद्यावर घेतलंस आणि म्हणालास, चाल बाई. आपले मायबाप तेव्हा नव्हते. तू पंचवीस वर्षांचा, तलावावर रोजंदारीचा चौकीदार. मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी.

पुढं वाशीमला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा मिळाली. राहायचं तिथंच आणि पोरं आणायची नाहीत, अशी अट. रत्ना दहा महिन्यांची होती. मी तुला म्हटलं, कसं करू? तू म्हणालास, जा. पुढं काय होईल याचा विचार तू केला नाहीस, मीही केला नाही. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचं आणि सोमवारी पहिल्या गाडीनं जायचं. मधले पाच दिवस पोरं तुझी. तू एक बकरी घेतलीस. तलावाच्या पाळीवर बाभळीला लुगड्याची झोळी बांधलीस. प्रकाश पाण्याकडे पळायचा म्हणून जुन्या लुगड्याची पट्टी त्याच्या कमरेला आणि दुसरं टोक कालव्याच्या दरवाजाच्या लोखंडी चाकाला. पाणी सोडायचं असलं की आधी प्रकाशला सोडायचास, मग पाणी.

रत्नाच्या तोंडून पहिला शब्द आला तो "बा". तुझ्याकडे पाहून. मी शनिवारी आले तर ती तुझ्या पायाआड लपली आणि तिथून म्हणाली, बा. मी पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हटलं, बा नाही, मामा. म्हण, मामा. तू हसत होतास. "बाई, तिले अजून मा येत नाई. बा येते. येईन तवा म्हनन." पण मी ऐकलं नाही. दर आठवड्याला दोन दिवस मला मिळायचे, त्यातला अर्धा वेळ मी पोरांना मामा म्हणायला शिकवण्यात घातला. शिकली. माझ्यासमोर मामा म्हणायची आणि माझी पाठ वळली की बा. मला ऐकू यायचं. मला मात्र दोघंही बाई म्हणायची, कारण तू म्हणायचास. माय कोणी म्हटलं नाही. त्याची मी कधी दुरुस्ती केली नाही, कोणत्या तोंडानं करायची.

आता पाखराचं.

मागच्या श्रावणात दुर्बीण घेऊन आलेली ती सायली तुला आठवत असेल. वाशीमची पोरगी, तलावावरच्या पाखरांची गावठी नावं वहीत लिहिते. तू गेल्याचं कळल्यावर तिचा फोन आला. म्हणाली, आजी, त्यांनी सांगितलेल्या नावावर तुम्हीच चार ओळी लिहून द्या, आमच्या पुस्तिकेत घालू. त्या चार ओळींचं हे झालं आहे. ती काय छापायचं ते छापो.

पाखरू तलंगीएवढं, म्हणजे कोवळ्या कोंबडीएवढं. पाय लांब, बोटं त्याहून लांब, म्हणून ते कमळाच्या नाहीतर शिंगाड्याच्या पानांवरून चालतं आणि लांबून पाण्यावर चालल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात त्याला काळी लांब वाकडी शेपटी येते, पंख पांढरे, मानेमागे हळद लावल्यासारखं पिवळं. पुस्तकात त्याला पाणमोर म्हणतात, कमळपक्षी म्हणतात, असं सायलीनं सांगितलं. आपल्याकडे ते बापपाखरू. आपल्याकडे म्हणजे तलावाभोवतीच्या पाचसहा गावांत. मानोऱ्याला रत्नाच्या शेजारणीला मी हे नाव सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. म्हणजे तिकडे नाही.

नाव पडलं त्याचं कारण साधं आहे. मादी चार अंडी घालते, तपकिरी, चिंचोक्यासारखी चकाकणारी, आणि जाते. दुसऱ्या नराकडे जाते, तिथं घालते. अंड्यांवर बसतो तो नर. पिल्लं फिरवतो तो नर. पाणी वाढलं तर अंडं चोच आणि छाती यांच्यात धरून दुसऱ्या पानावर ओढत नेतो. हे तू मला कितीदा दाखवायला नेलंस. मला दम नव्हता. मी म्हणायची, मला भाकरी टाकायच्या आहेत.

पाण्यावर आणि जमिनीवर हे नाव वेगवेगळं चालायचं. पाण्यावर गोविंदा भोयाचं राज्य. तो तलावात शिंगाडे लावायचा. श्रावण-भादव्यात वेलांतलं गवत काढायला त्याचे लोक डोंगा घेऊन आत जायचे आणि कोणाला अंड्यांवरचं पाखरू दिसलं की तो हाक द्यायचा, "बाप बसला." एवढंच. नुसतं बाप. मग तिथं चिंधी बांधलेला एक बांबू रोवायचा आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तेवढ्या वेलांना हात लावायचा नाही, गवत माजून ते वेल वाया गेले तरी. एका साली नव्या माणसानं बांबू उपटून वेल साफ केले, तर गोविंदानं त्याला डोंग्यातून उतरवून पाळीवर बसवलं आणि हंगाम संपेपर्यंत पाण्यात जाऊ दिलं नाही. हे तू मला सांगायचास तेव्हा तुझा आवाज बदलायचा. देवाधर्माचं तू कधी बोलला नाहीस, पण हे सांगताना बोलल्यासारखं वाटायचं.

जमिनीवर वेगळं. बाजारात पोर कडेवर घेतलेला माणूस दिसला की, काय बापपाखरा, निघाला का. बायको माहेरी गेली आणि माणूस चुलीपुढं बसला की तो बापपाखरू. लग्नात नवरीकडच्या बायका नवऱ्या मुलाला चिडवायच्या, आमच्या पोरीले बापपाखरू भेटलं व माय. आणि तू तर रोज पाळीवर एक पोर झोळीत आणि एक पोर दोरीला घेऊन बसलेला. तुला दुसरं काय म्हणणार होते? आधी शिंगाडेवाल्यांनी म्हटलं, मग गुराख्यांनी, मग सगळ्या गावानं. तुला राग यायचा नाही. कोणी हाक मारली, ए बापपाखरा, तर तू म्हणायचास, बोल. सरपंचानं चारचौघांत म्हटलं, सुखदेव, तुले दूध बी येते का आता? तू म्हणालास, मले नाई, बकरीले येते, पाठवू का घरी? यावर आठ दिवस गाव हसलं, आणि तुझ्यावर नाही, सरपंचावर.

मला राग यायचा. का यायचा ते तुला कळलं नाही, कारण तू ते नाव पुरुषाच्या बाजूनं ऐकायचास. बायकांत ते उलट्या बाजूनं चालायचं. एका सोमवारी सकाळी मेडशीला एसटीची वाट पाहत उभी होते. माझ्यामागे दोघीजणी बोलत होत्या. एक म्हणाली, "तिले कायची चिंता. तिच्या घरी बापपाखरू हाय." ती माझ्याविषयी बोलत होती. म्हणजे मी कोण? अंडी टाकून उडालेली. मी मागे वळले आणि म्हटलं, "हाय. तुह्या घरी नाई म्हनून जळून राह्यली का?" गाडी आली. मालेगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते आणि काय पाहिलं ते मला आजही सांगता येणार नाही.

एवढं मी तुला कधी सांगितलं नाही. मी फक्त म्हणायची, ते नाव काढू नको घरात. तू म्हणायचास, बरं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोरांना सांगत बसायचास, पाह्य, बाप कसा अंडं सरकवते.

गोविंदा गेला. त्याची पोरं पुण्याकडे गेली. शिंगाडे बंद झाले, तलावात जलपर्णी माजली आणि पाखरू दिसेनासं झालं. दहाबारा वर्षं तू पावसाळाभर पाळीवर बसून रिकामा परत यायचास. पोरांची लग्नं झाली होती, मी रिटायर होऊन घरी आले होते, तरी तुझं तिकडे बसणं चालूच. मी म्हणायची, आता कोणाची राखण करतोस? मग मागच्या श्रावणात तू संध्याकाळी चप्पल हातात घेऊन चिखलातून आलास आणि दारातूनच म्हणालास, बाई, बाप बसला.

तू प्रकाशकडून फोन करवलास, सायली आणि तिच्याबरोबरची पोरं वाशीमहून आली. मी डबा घेऊन पाळीवर आले तेव्हा तुझं तासभर बोलून झालेलं होतं. तुला एवढं बोलताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. सायली वहीत लिहीत होती. मी म्हटलं, "ते नाव लिहू नको पोरी. शिवी हाय ते."

तू म्हणालास, "शिवी कायची? त्याचं काम हाय ते."

"अन् मादी?"

"मादीचं काय?"

"मादी पळून जाते म्हनून आताच सांगतलं ना तू?"

"पळून कोठी जाते? तिले दुसरीकडे काम रायते."

पोरं हसली. मी हसले नाही. सायली एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. मग तिनं काहीतरी लिहिलं. तू म्हणालास, काय लिवलं ते वाच. तिनं वाचलं, "अर्थाबद्दल मतभेद." तू इतका हसलास की तुला ठसका लागला आणि मला पाणी द्यावं लागलं.

घरी येताना तू विचारलंस, "बाई, तू चाळीस वर्सापासून त्या मादीवर काहून रागावून हायस? पाखरू हाय ते." मी म्हटलं, तुला नाही कळायचं. तू म्हणालास, मग सांग ना. मी सांगितलं नाही. तो वाद तसाच राहिला. मला वाटलं होतं, पुढच्या पावसाळ्यात सांगू.

त्या रागाच्या खाली दुसरं एक होतं. ते आता लिहिते.

मी नोकरीला लागून पाचसहा महिने झाले असतील. अनसिंगचे पाहुणे तुला पाहायला आले होते. मुलीचा बाप आणि त्याचा साडू. रविवार होता म्हणून मी घरी. तू धुतलेला सदरा घातला होतास, पोहे झाले, चहा झाला. माणसं चांगली होती. मुलगी सातवी शिकलेली, नाव पंचफुला. आपल्याकडून हुंड्याची बात नव्हती, त्यांच्याकडून अडचण नव्हती. तेवढ्यात तलावावरून कोणी बोलवायला आलं आणि तू थोडा वेळ गेलास. मुलीचा बाप सहज हसत म्हणाला, गावात शिरताना घर विचारलं तर एकजण म्हणे बापपाखराचं घर का? हे काय नाव हाय बाई?

मला दोन शब्दांचं उत्तर पुरलं असतं. पोरांना जीव लावतो म्हणून म्हणतात, एवढं म्हटलं असतं तरी खोटं झालं नसतं. मी सगळं सांगितलं. मादी कशी जाते, नर कसा बसतो. मग म्हटलं, "माहे दोन पोट्टे तो पोसते. रातचं उठून दूध पाजते, ढुंगन धुते. मी आठवड्यातून दोन दिस येते. तुमची पोर अठी आली तर तिलेच करा लागन हे. अन् माही नोकरी काही सुटत नाई."

प्रत्येक शब्द खरा होता. त्या माणसानं कप खाली ठेवला. साडूकडे पाहिलं. तू परत आलास तेव्हा ते उठलेले होते.

मी हे सरळ स्वभावानं बोलले असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मी पोहे भाजत होते तेव्हाच माझ्या मनात हिशेब चालू होता. तुझी बायको आली तर ती परक्याची दोन पोरं सांभाळणार नाही. मग मला नोकरी सोडावी लागेल, पोरं घेऊन कुठं जाऊ? त्या माणसानं नाव विचारलं आणि मला हत्यार मिळालं. जे नाव मला शिवी वाटत होतं, तेच मी तुझ्या सोयरिकीवर वापरलं.

तू विचारलंस, काय म्हणाले? मी म्हटलं, घर आवडलं नसेल. तू म्हणालास, बरं. सदरा काढून खुंटीला लावलास आणि रत्नाला उचललंस.

त्यानंतर एकदोन जागा आल्या आणि आपोआप गेल्या. मी धावपळ केली नाही. पुढं पोरं मोठी झाली आणि तू मोठा झालास. तुला विचारायची वेळ निघून गेली आणि मला सांगायची वेळही निघून गेली.

नंतरची सोळा वर्षं आपण दोघं एका घरात काढली आणि ती चांगली गेली, हे मला लिहून ठेवलं पाहिजे. मला ऐंशी मुलींच्या अंदाजानं शिजवायची सवय. कितीही कमी घातलं तरी वरण उरायचंच. तू रोज ताटावर बसून म्हणायचास, बाई, आपुन दोघंच हावो. तुला रेडिओ मोठा लागायचा, मला बारीक. तू चहात साखर चोरून घालायचास आणि डबा उलटा लावून ठेवायचास, म्हणून मला कळायचं. माझे गुडघे गेल्यावर तू पाणी भरलंस, केर काढलास, आणि गावातल्या नव्या पोरांनी तुला पुन्हा बापपाखरू म्हटलं. तेव्हा मी काही बोलले नाही. तुझ्या लक्षात आलं होतं का?

तुझ्या पुण्यानुमोदनाला माणूस पुष्कळ आला. विहारातून परत आल्यावर जेवणं झाली, मंडळी पांगली. दुपारी तीनच्या गाडीनं एक म्हातारी आली, एकटी. तुझ्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, हात जोडले आणि माझ्याजवळ येऊन बसली. मी ओळखलं नाही. ओळखणार कशी, मी तिला कधी पाहिलंच नव्हतं.

ती म्हणाली, "मी पंचफुला. अनसिंगची. माहा बाप तुमच्या घरी पोरगा पाहाले आलता."

मी म्हटलं, हो. पुढचं तिनंच सांगितलं. तो रविवार गेला आणि पुढच्या गुरुवारी तू अनसिंगला गेला होतास. एसटीनं, दोन्ही पोरांना घेऊन. रत्ना कडेवर, प्रकाश हाताला. त्यांच्या ओट्यावर बसलास आणि तिच्या बापाला म्हणालास, "बाईनं सांगतलं ते सारं खरं हाय. पोरं मीच पाह्यतो अन् मीच पाहीन. तुमी दोन साल थांबा. पोरगा शाळेत लागते, पोरगी हातानं खाऊ लागते. तवा मी एकदा येतो." तिच्या बापानं चहा पाजला आणि नाही म्हटलं. पंचफुला आत दाराआड उभी होती. तिनं पाहिलं की तू तुझ्या चहात टोस्ट बुडवून रत्नाला भरवलास आणि उरलेला चहा प्यायलास.

"मले विचारलं असतं तर मी थांबली असती," ती म्हणाली. "मले कोनी विचारलं नाई."

पुढच्या उन्हाळ्यात तिचं मानोऱ्याकडे लग्न झालं. नवरा बरा होता, आता नाही. पोरं आहेत, नातवंडं आहेत. ती तक्रार करायला आली नव्हती. तिला फक्त एकदा घर पाहायचं होतं.

मी तिला विचारलं, तो माझ्यावर रागावला होता का? ती म्हणाली, नाही. उलट तिच्या बापानं तुझी बहीण फार तोंडाची आहे असं म्हटलं, तर तू म्हणालास, "तिले पोरायची काळजी हाय म्हनून बोलली ते."

म्हणजे तुला कळलं होतं. चार दिवसांत कळलं होतं. आणि पंचेचाळीस वर्षं तू माझ्या हातचं जेवलास.

मी पंचफुलाला म्हटलं, "मी खरं सांगतलं होतं. पन सोयरीक मोडाले सांगतलं." हे मी कोणाला बोलले नव्हते आणि जिला बोलायला सगळ्यांत कठीण तिलाच आधी बोलले. मग तिनं पाणी मागितलं. मी दिलं. पाचच्या गाडीला प्रकाशनं तिला बसवून दिलं.

ती गेल्यावर मला एक आठवलं. त्या आठवड्यात मी शनिवारी घरी आले तेव्हा रत्नाच्या झबल्यावर चहाचा डाग होता. मी तुला पुष्कळ बोलले. दीड वर्षाच्या पोरीला चहा पाजतोस, अक्कल आहे का. तू झबलं माझ्या हातातून घेतलंस आणि म्हणालास, "एकडावच पाजला बाई. आता नाई पाजत." आणि स्वतः धुवायला घेऊन गेलास.

मला तुझी माफी मागायची आहे, पण ती मागून तुला आता काही उपयोग नाही आणि मला बरं वाटावं म्हणून मागणं मला पटत नाही. तुझ्या फोटोपुढं बसून रडणाऱ्या बायकांत मी बसले नाही. लोकांनी पाहिलं असेल. पाहू दे.

प्रकाशला मात्र मी बोलावलं. अनसिंगचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, तिथं दवाखान्यात तू बरोबर सांगितलं होतंस, मी चुकले. तो म्हणाला, जाऊ दे ना बाई. थोड्या वेळानं म्हणाला, बा काही बोलला नसता. माझ्यासमोर त्यानं बा म्हटलं. मी दुरुस्त केलं नाही.

काल सायलीला फोन केला. म्हटलं, ते मतभेद खोड. तिनं विचारलं, मग अर्थ काय लिहू? मी सांगितलं ते तिनं हळूहळू उतरवून घेतलं. बापपाखरू, शिंगाड्याच्या आणि कमळाच्या पानांवर राहणारं पाखरू. मादी अंडी घालून पुढच्या कामाला जाते, नर अंड्यांवर बसतो आणि पिल्लं वाढवतो. तलावावर त्याला नुसतं बाप म्हणतात आणि तो बसला असेल तिथं कोणी हात लावत नाही. गावात असं करणाऱ्या माणसालाही हेच नाव देतात. ती म्हणाली, आजी, पण माणसाला म्हणतात ते कौतुकानं की शिवी म्हणून? मी म्हटलं, जो म्हणतो त्याला विचार. नाव चांगलं आहे.

तू मागितलेली दोन वर्षं मला आता मोजता येतात. त्या दोन वर्षांत प्रकाश शाळेत लागला, पाटीवर पहिलं अक्षर त्यानं पाळीवर काढलं. रत्नाला गोवर निघाला आणि तू सहा दिवस तिला खाली ठेवलं नाहीस. मी ऐंशी मुलींचा स्वयंपाक करत होते. शनिवारी येत होते.

प्रकाश एकोणपन्नास वर्षांचा आहे, मेडशीला मोटारी दुरुस्त करतो. रत्ना सत्तेचाळिसाव्यात आहे, मानोऱ्याला शिकवते. मी चौऱ्याहत्तरची आहे. त्या रविवारी पाहुणे आले तेव्हा घरात जेवढे होतो, त्यांतले आता आम्ही तिघं आहोत.